डास कोठे जन्मतो?

मुलांनो, रात्री दिवा मालवून तुम्ही अंथरुणावर पडता. डोळा लागतच असतो, इतक्यात कानाशी बारीक आवाज येतो, 'गुंऽऽ'. तुम्ही अंधारातच हात मारता. चापट आपल्याच गालावर बसते आणि डास निसटून जातो. थोड्या वेळाने दुसऱ्या कानाशी तोच आवाज!

तुम्ही घरी ज्याला मच्छर म्हणता, त्यालाच मराठीत डास म्हणतात. बोलताना मराठी माणसेही मच्छर हा शब्द सर्रास वापरतात. नाव कोणतेही घ्या, प्राणी एवढासा आहे. त्याचे वजन दोन-तीन मिलिग्रॅमहून अधिक भरत नाही. पण वाघ, साप, मगर हे सगळे मिळून जेवढी माणसे मारत नाहीत, तेवढी हा एकटा मारतो. एकट्या हिवतापाने, म्हणजे मलेरियाने, जगात आजही दरवर्षी सुमारे सहा लाख माणसे दगावतात. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले असतात.

आता एक गंमत ऐका. सगळेच डास चावत नाहीत. नर डास फुलांतला मध आणि झाडांचा रस पिऊन राहतो. चावते ती फक्त मादी. पोट भरण्यासाठी तिलाही गोड रस पुरतो, पण अंडी तयार व्हायला तिला रक्त लागते. आपल्या श्वासातून बाहेर पडणारा वायू, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांच्या मागावर ती बरोबर आपल्यापाशी येते. सोंड टोचल्यावर ती आधी आपली थोडी लाळ आपल्या अंगात सोडते, म्हणजे रक्त गोठत नाही आणि तिला सहज पिता येते. आपल्याला खाज सुटते ती या लाळेमुळे. खाजेचे काही विशेष नाही, ती घटकाभरात थांबते. पण या लाळेबरोबर रोगाचे जंतू आत शिरले, तर मात्र आठ-पंधरा दिवसांनी माणूस तापाने फणफणतो.

हे डास येतात कोठून? कोणालाही विचारा, तो नाक मुरडून सांगेल, "गटारातून!" हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि या अर्ध्या उत्तराने आपले फार नुकसान केले आहे. का ते समजण्यासाठी सव्वाशे वर्षांहून जुनी एक हकीकत ऐकली पाहिजे.

पूर्वी लोकांना वाटे की, हिवताप दलदलीच्या घाण हवेमुळे येतो. इटालियन भाषेत 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थच 'खराब हवा' असा आहे. १८८० साली अल्जीरियात लाव्हेराँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांना हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात सूक्ष्म जीव दिसले. तापाचे कारण सापडले. पण हे जीव एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातात कसे? याचा शोध आपल्या देशात लागला. तो लावला रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरांनी. त्यांचा जन्मही आपल्याकडचाच, अल्मोड्याचा. सिकंदराबादेत नोकरी करत असताना डासांवर संशय धरून त्यांनी काम सुरू केले. हिवतापाच्या रोग्यांना डास चावू द्यायचे, मग ते डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. असे किती डास त्यांनी तपासले असतील! घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. पंखा ओढायला सांगावे, तर चिरलेले डास उडून जात. म्हणून ते तसेच उकाड्यात बसत. आणि एवढे करून हाती काहीच लागेना.

चूक कोठे होती? ते चुकीच्या जातीचे डास तपासत होते. हे त्यांना तेव्हा माहीत नव्हते. १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या माणसांनी कोठून तरी पाण्यातल्या काही अळ्या आणल्या. त्यांतून ठिपकेदार पंखांचे डास बाहेर आले. हुसेन खान नावाचा हिवतापाचा एक रोगी इस्पितळात होता. त्याने हे डास आपल्याला चावू दिले, आणि त्याबद्दल त्याला प्रत्येक डासामागे एक आणा मिळाला. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशाच एका डासाच्या पोटात रॉस यांना हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग केले. तेथे मोहंमद बक्ष नावाचा मदतनीस त्यांच्याबरोबर होता. जंतू डासाच्या पोटातून लाळेच्या पिंडात कसे जातात आणि चावताना पुढच्या पक्ष्याच्या अंगात कसे उतरतात, हे तेथे सिद्ध झाले. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाला आणे मिळाले. पण त्याचेही नाव या शोधाबरोबर टिकून राहिले, हे बरे झाले.

रॉस यांची चूक आपण आजही करतो. 'डास म्हणजे डास' असे आपण धरून चालतो. पण डासांच्या जाती शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकीला आवडणारे पाणी वेगळे असते. आपल्याला मुख्यतः तीन ओळखायला हव्यात.

पहिली अॅनोफिलीस. रॉस यांनी पाहिलेली ठिपकेदार पंखांची मादी हीच. भिंतीवर बसली म्हणजे तिचे डोके खाली आणि मागचा भाग वर उचललेला असतो, जणू भिंतीत तिरपा खिळा ठोकला आहे. ती रात्री चावते आणि हिवताप पसरवते. तिला साधारणपणे स्वच्छ पाणी लागते. दुसरी क्यूलेक्स. रात्री कानाशी गुणगुणते ती बहुतेक हीच. तुंबलेली गटारे, शौचालयाच्या टाक्या, डबकी हे तिचे माहेर. हत्तीरोग ती पसरवते. तिसरी एडीस. तिच्या काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असतात. ती दिवसा चावते, विशेषतः सकाळी आणि सूर्य मावळण्याच्या आधी. म्हणजे तुम्ही शाळेत बाकावर बसलेले असता, तेव्हा ती खाली तुमच्या घोट्याशी असते! डेंग्यू आणि चिकुनगुनिया ही तिची देणगी. आणि तिला गटाराचे पाणी मुळीच आवडत नाही. तिला लागते घरातले साठवलेले निर्मळ पाणी. पिंप, माठ, हौद, कूलर, फुलदाणी, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा जुना टायर, एवढेच काय, फेकलेल्या नारळाच्या करवंटीत साठलेले ओंजळभर पाणीही तिला पुरते.

म्हणजे गटार साफ केले की डास गेले, हा आपला समज किती अपुरा आहे ते पाहा. डेंग्यूचा डास आपण स्वतःच घरात पाळत असतो. तो फार लांब उडतही नाही. जेथे जन्मतो, तेथून शे-दोनशे मीटरच्या आतच बहुधा त्याचे आयुष्य संपते. तुम्हाला चावलेला पट्टेरी डास एक तर तुमच्या घरात जन्मलेला असतो, नाही तर शेजाऱ्याच्या.

मुंबईची एक जुनी गोष्ट या ठिकाणी सांगण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत हिवतापाने थैमान घातले होते. डॉ. बेंटली यांनी त्याची चौकशी करून १९११ साली अहवाल दिला. मुंबईतल्या अॅनोफिलीस डासाचे मोठे जन्मस्थान गटारात नव्हते, ते घरोघरच्या विहिरींत होते. त्यांनी विहिरी बुजवायला किंवा नीट झाकायला सांगितले. लोकांना हे पटणे सोपे नव्हते. विहिरीचे पाणी स्वच्छ, गोड, शिवाय पुष्कळांच्या धार्मिक भावना त्याच्याशी जोडलेल्या. मोठा विरोध झाला. तरी हळूहळू अनेक विहिरी झाकल्या गेल्या. आज विहिरींची जागा इमारतींच्या गच्चीवरील टाक्यांनी घेतली आहे. डास तोच, फक्त तो विहिरीतून वर गच्चीवर राहायला गेला आहे. टाकीचे झाकण फुटके असले, की त्याला आणखी काही नको असते.

चिकुनगुनियाची हकीकतही आपल्या जवळचीच आहे. हे विचित्र नाव आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेतले आहे. सांधे धरून माणूस वाकून जातो, असा त्याचा अर्थ. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे या तापाची मोठी साथ आली. नंतर तीस-बत्तीस वर्षे तो आपल्याकडून जणू नाहीसाच झाला. डॉक्टरसुद्धा त्याला विसरत चालले होते. मग २००६ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मालेगावात दोन हजारांहून अधिक लोक संशयित रोगी म्हणून नोंदले गेले. पुढे ती साथ राज्यभर पसरली. तेव्हा गुडघे आणि मनगटे धरून हळूहळू चालणारी माणसे गल्लोगल्ली दिसत. ताप आठवड्यात उतरे, पण सांधेदुखी कित्येकांना महिनोन् महिने सोडत नसे. हातावर पोट असलेल्या माणसाचा हातच चालेना, मग घरात चूल कशी पेटायची? या तापाने मरणारे थोडे असतात, म्हणून कोणी त्याला किरकोळ म्हणू नये.

ज्या गावात नळाला एक-दोन दिवसांआड पाणी येते, तेथे पिंपे भरून ठेवण्यावाचून इलाज नसतो. 'पाणी साठवू नका' असे अशा घरात जाऊन सांगणे म्हणजे थट्टाच आहे. साठवा, पण डासाच्या जन्माचा हिशोब लक्षात ठेवून साठवा.

तो हिशोब असा. मादी एका वेळी सुमारे शंभर अंडी घालते. दोन दिवसांत त्यांतून अळ्या निघतात. पिंपात बॅटरीचा उजेड टाकला, तर या वळवळताना दिसतात. पिंपाला हलका धक्का द्या, त्या झटकन तळाशी जातात आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. एडीस आणि क्यूलेक्सच्या अळ्या शेपटाकडची नळी पृष्ठभागाला लावून उलट्या लटकतात. अॅनोफिलीसच्या अळीला अशी नळी नसते, म्हणून ती पाण्याला समांतर, काडीसारखी आडवी पडते. चार-पाच दिवसांत अळीचा कोष होतो. हा स्वल्पविरामासारखा दिसतो. आणखी दोन दिवसांनी कोष फुटतो आणि डास उडून जातो. उन्हाळ्या-पावसाळ्यात हे सगळे सात ते दहा दिवसांत उरकते.

या सात दिवसांत डास पूर्णपणे आपल्या ताब्यात असतो. त्याला पंख नसतात, तो पळू शकत नाही, चावू शकत नाही. उडू लागल्यावर मग आपण त्याच्यामागे टाळ्या वाजवत धावतो! आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी केली, तर एकाही अळीला डास व्हायला वेळ मिळत नाही. आरोग्य खाते 'कोरडा दिवस पाळा' म्हणून सांगते, ते यासाठीच.

पण येथे एक मेख आहे. एडीसची मादी पाण्यात अंडी घालत नाही. ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पिंपाच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ती काळी आणि खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतात. पाणी ओतून टाकले, तरी अंडी भिंतीवर तशीच राहतात. वाळली तरी मरत नाहीत. कित्येक महिने कोरडी राहून, पुन्हा पाणी भरताच ती फुटतात. म्हणून पिंप नुसते उपडे करून भागत नाही. आतली भिंत ब्रशने किंवा काथ्याने खसाखसा घासावी लागते. नंतर पिंप उन्हात कोरडे करावे आणि भरल्यावर तोंडाला घट्ट झाकण किंवा जाड कापड बांधावे. हे घासण्याचे काम बहुतेक घरांत अम्मी किंवा मोठी बहीण करते. मुलग्यांनाही हात आहेत, हे येथे सांगून ठेवतो.

जेथे हौद मोठा असतो आणि दर आठवड्याला रिकामा करता येत नाही, तेथे गप्पी मासे सोडतात. हे इवलेसे मासे अळ्या आवडीने खातात. ते पुष्कळ आरोग्य केंद्रांतून फुकट मिळतात. मात्र ते नदीत किंवा मोठ्या तळ्यात सोडू नयेत, तेथल्या मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो. गटार वाहते ठेवावे. जे वाहत नाही, त्यात जळके ऑइल टाकतात. त्याचा तवंग पसरला की अळ्यांना श्वास घेता येत नाही. शौचालयाच्या टाकीतून वर गेलेल्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. या एका पाइपातून क्यूलेक्स डासांचे थवेच्या थवे बाहेर पडतात आणि कोणाचे तिकडे लक्षही जात नाही.

धूर सोडणाऱ्या गाडीविषयी मात्र लोकांची फार मोठी समजूत असते. गाडी आली की मुले तिच्यामागे धावतात (तसे करू नका, तो धूर औषधाचा असतो). मोहल्ला खूश होतो. पण तो धूर फक्त त्या वेळी उडत असलेल्या डासांना मारतो. पलंगाखाली, कपड्यांमागे अंधारात बसलेला एडीस बहुधा वाचतो. पाण्यातल्या अळ्यांना तर धुराची खबरच नसते. साथ भडकली असताना धुराचा उपयोग आहे, पण एरवी चार दिवसांनी गल्ली पुन्हा जैसे थे.

केवळ औषधावर विसंबल्याने आपला देश एकदा चांगलाच फसला आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख लोक मरत. १९५३ साली देशभर घरांच्या भिंतींवर डी. डी. टी. फवारण्याची मोहीम सुरू झाली. परिणाम विलक्षण झाला. दहा-बारा वर्षांत रोग्यांची संख्या लाखाच्या आसपास आली. हिवताप संपलाच, असे वाटू लागले. मग काम सैल पडले, आणि अनेक ठिकाणी डासांना डी. डी. टी. पचू लागली. १९७६ साली रोग्यांची संख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली होती. त्यानंतर ती खाली आणण्यात कितीतरी वर्षे गेली. आजही गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांतून हिवताप गेलेला नाही.

आता तापाविषयी. घरात कोणाला ताप आला, तर काय करावे? हिवतापात आधी हुडहुडी भरते, दात वाजतात, मग ताप चढतो आणि घाम येऊन उतरतो. कधी तो एक दिवसाआड येतो. पण लक्षणांवरून अंदाज बांधत बसू नये. सरकारी दवाखान्यात बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि काचेवर तपासतात. त्याला पैसे पडत नाहीत. जंतू सापडले, तर गोळ्या देतात. एका प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात लपून बसतात. त्यांच्यासाठी चौदा दिवस गोळ्या घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि रोगी म्हणतो, "आता बरा झालो, गोळ्या कशाला?" दोन महिन्यांनी तोच ताप परत येतो. आणि मधल्या काळात त्याला चावलेले डास तो रोग शेजाऱ्यांकडे पोचवतात.

डेंग्यूचे वागणे नेमके उलटे आहे. त्यात डोके आणि डोळ्यांच्या मागे ठणकते, हाडे मोडल्यासारखी दुखतात. म्हणून त्याला हाडमोड्या ताप असेही म्हणतात. १९९६ साली दिल्लीत त्याची साथ आली, तेव्हा दहा हजारांहून अधिक रोगी होते आणि चारशेहून अधिक दगावले. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला, असे नसते. धोक्याचे दिवस बहुधा तेव्हाच सुरू होतात. ताप उतरल्यावर पोटात सारखे दुखणे, उलट्या थांबेनाशा होणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, हातपाय गार पडणे, यांतले एक जरी दिसले, तरी रात्र असो की दिवस, रोग्याला इस्पितळात न्यावे. डॉक्टरांना न विचारता ॲस्पिरिनसारख्या अंगदुखीच्या गोळ्या देऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढतो. तोवर पाणी, पेज, सरबत असे पातळ पदार्थ पोटात जाऊ द्यावेत. डेंग्यूच्या विषाणूला मारणारे औषध नाही. वेळेवर मिळालेली शुश्रूषा हाच त्याचा इलाज.

हत्तीरोगाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे सूक्ष्म कृमी दिवसा शरीरात खोल दडून बसतात आणि रात्री, क्यूलेक्स चावायला येते त्याच सुमारास, वरच्या रक्तात येतात. म्हणून पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत आरोग्य कर्मचारी रात्री उशिरा दार ठोठावून रक्ताचा नमुना मागतात. असे कोणी तुमच्या दारी आले, तर झोपमोड झाली म्हणून चिडू नका. पाय सुजून हत्तीसारखा झाला, की तो पूर्ववत होत नाही. त्याआधी गोळी मिळाली तरच उपयोग.

आता तुमच्यासाठी एक काम. घरातील पिंप, कूलर, कुंडीच्या बश्या तपासा. अळ्या सापडल्या, तर चार-पाच अळ्या त्याच पाण्यासह एका काचेच्या बरणीत घ्या. तोंडावर मलमलचे कापड घट्ट बांधा आणि बरणी खिडकीत ठेवा. अळ्या काडीसारख्या आडव्या आहेत की उलट्या लटकल्या आहेत, ते पाहा. कोष कोणत्या दिवशी झाला, ते वहीत तारखेसह लिहा. डास बाहेर आल्यावर त्याच्या पायांवर पांढरे पट्टे आहेत का, ते निरखून पाहा. कापड मात्र सोडू नका. बरणी तशीच दिवसभर कडक उन्हात ठेवा, आणि आतले डास मेल्यावर पाणी कोरड्या मातीवर ओता. गटारात नको. मग बरणी आतून घासून धुवा.